धाकटी आधी जाते

१२ ऑक्टोबर

आले एकदाची. फाटकावरच्या माणसाने बॅग उघडायला लावली, मिरचीच्या डब्याचं झाकण काढून हुंगलं आणि शिंकला. "इथं शिस्त आहे," म्हणाला. मला बरंच वाटलं. ज्या दाराला एवढा पहारा, त्याच्या आत काहीतरी मोलाचं असणारच!

बॅग माझ्या जुळ्या बहिणीने, केहिंदेनेच भरली होती. रडली नाही. परीक्षा दोघीही पास झालो, गुण तिला माझ्यापेक्षा जास्त. पण बाबा म्हणाले, "विद्यापीठ नवं, त्यातून खाजगी. आधी धाकटीला जाऊन बघू दे. बरं असलं तर पुढच्या वर्षी मोठी जाईल."

धाकटी म्हणजे मी. केहिंदेच्या आधी जन्मले म्हणून धाकटी! आमच्याकडे मानतातच तसं – जुळ्यांत मोठी आत आरामात बसते आणि धाकटीला पुढे पिटाळते – जा, जग कसं आहे बघून ये. धाकटी बाहेर येऊन रडली की मोठीला कळतं, यायला हरकत नाही. त्या एका रडण्यापायी मी जन्मभर तिला ताई म्हणते, दुकानातही मीच जाते. आता विद्यापीठातही.

वर्षअखेरीस बाबांना सांगायचंय, चांगलं की वाईट. मी ठरवून टाकलंय. चांगलंच. केहिंदेला आणायचंच.

१३ ऑक्टोबर

आयुष्यात पहिल्यांदा अख्खा पलंग मला एकटीला. तरी भिंतीकडे तिची जागा सोडून झोपले.

९ नोव्हेंबर

काल आम्हाला रीतसर विद्यार्थी करून घेतलं. काळा झगा, चौकोनी टोपी, शपथ. घरचे भाड्याची बस करून आले होते – आत्या, मावश्या, शेजारी, सगळे रीतीप्रमाणे एकाच निळ्या कापडात. आई ते कापड महिनाभर वाटत होती म्हणे. बाबा हात मागे बांधून हिरवळीवर असे फिरत होते की जणू जागा त्यांनीच विकत घेतलीय. दिसेल त्याला, "ती माझी मुलगी. मायक्रोबायोलॉजी." माळ्यालाही सांगितलं. माझी मान इतकी ताठ झाली की आज दुखते आहे.

एबिएरे माझ्या खोलीतली. नदीकडची, जिभेला हाड नाही. केहिंदेला बघून म्हणाली, "अगं, ही तर तुझीच नीट इस्त्री केलेली आवृत्ती."

झगा काढल्यावर केहिंदेनेही घालून फोटो काढला. आई म्हणाली, दोन्ही फोटो भिंतीवर लावीन. मनात म्हटलं, पुढच्या वर्षी तिचा स्वतःच्या झग्यातला लावू.

२ डिसेंबर

चुलतभाऊ फेमीने फोनवर चिडवलं. "तुमचं कसलं विद्यापीठ? पहाटे प्रार्थना, गुडघ्याखाली स्कर्ट, बाहेर पडायला चिठ्ठी. कुलूप लावलेली शाळा ती!"

म्हटलं, "दादा, तुमचं सरकारी विद्यापीठ कधी उघडतंय?" त्यांच्याकडे पुन्हा संप. तो घरी कोंबड्या राखतो आहे. फोनच ठेवला त्याने. मी मात्र दिवसभर हसत होते.

खरं सांगायचं तर पहाटेची प्रार्थना माझ्याही जिवावर येते. पण ते फेमीला कशाला सांगू?

१७ जानेवारी

आमचा वाढदिवस. आईने बसवाल्याबरोबर चवळीचा डबा पाठवला. जुळ्यांची चवळी एकटीने खायची नसते, म्हणून सगळ्या मजल्याला वाटली. वसतिगृहाच्या मेट्रनबाई ओरडायला आल्या आणि दोन वाट्या संपवून गेल्या.

केहिंदेला फोन केला. मागे करवतीचा आवाज. बाबांच्या सॉ मिलमध्ये जाऊन बसते हल्ली. म्हणाली, मोटर बंद पडली होती, मी उघडून चालू केली. मी तिला नवीन प्रयोगशाळेबद्दल सांगत होते. ती "हं, हं" करत होती.

७ मार्च

आजचं लिहिताना अजून हसू येतंय.

केहिंदे भेटीला आली. म्हणाली, "तुझा वर्ग बघते." माझे कपडे घालून सरळ भौतिकशास्त्राच्या तासाला! मी ग्रंथालयात लपले. एबिएरेने नंतर सगळं सांगितलं. सरांनी घर्षणावर प्रश्न विचारला, कोणालाच येईना. ही उभी राहिली आणि करवतीचं पातं का तापतं, का वाकतं, सगळं धडाधड सांगितलं. सर म्हणाले, "तायवो अकिनबोदे, पाच महिन्यांनी आज जाग आली वाटतं."

अभिमानाने फुगले. म्हटलं, "बघ ताई! जागा तुझीच आहे इथे. ऑक्टोबरमध्ये माझ्याच खोलीत ये, मेट्रनबाईंना मी पटवते."

ती माझा स्कर्ट घडी घालत होती. "चांगलं आहे गं सगळं. पण मी नाही येणार."

तिला विमानं दुरुस्त करायला शिकायचंय. झारियाला. देशाच्या दुसऱ्या टोकाला!

८ मार्च

मी पाच महिने चाखून, मीठ-तिखट बघून ताट वाढलं, आणि ही ताट सरकवते. बोलणार नाही तिच्याशी.

१५ मार्च

नाही बोलले. चुकल्याचुकल्यासारखं होतंय. एबिएरे म्हणते, "तुला बहीण हवी आहे की तुझ्या विद्यापीठाला विद्यार्थिनी?" सूड म्हणून चहात तिची साखर वापरली.

४ एप्रिल

आईचा फोन. झारियाहून केहिंदेला बोलावणं आलंय, बाबा नाही म्हणताहेत. मोठ्या लेकीला असं आंधळेपणाने कसं धाडायचं? केहिंदे जेवत नाहीये.

गप्प राहिले तर ती आपसूक इथेच येईल. मला फक्त गप्प राहायचं आहे.

५ एप्रिल

बाबांना फोन केला.

"तिकडची भाषा वेगळी, माणसं वेगळी," बाबा म्हणाले. "तिच्या आधी कोण गेलंय तिथे बघायला?"

"माझ्या आधी इथे कोण आलं होतं, बाबा?"

त्यांनी ओरडून करवत बंद करायला लावली. मग म्हणाले, "वकिली शिकवतात का तुला तिथे?"

"नाही बाबा. मायक्रोबायोलॉजी."

"हं. आवाज मात्र वकिलाचा झालाय." आणि पलीकडे कोणाला तरी सांगताना ऐकलं, "विद्यापीठातली माझी मुलगी आहे. भांडते आहे बापाशी." आवाजात राग नव्हता.

फोन ठेवून खूप रडले. तरीही आजच्याइतका माझाच अभिमान मला झग्यातही वाटला नव्हता.

१९ मे

केहिंदे निघाली. बाबा स्वतः स्टँडवर गेले होते. मी परीक्षेत.

आज रात्रीपासून पलंगाच्या मधोमध झोपायचं ठरवलंय.

९ जून

झारियाहून केहिंदेचा फोन. मागे अनोळखी बोली, कुठेतरी यंत्राची घरघर. पहिले काही दिवस रडून काढले म्हणाली. आता विमानाच्या पोटात हात घालायला मिळतोय. जेवण जमतंय, ऊन जमत नाही.

"या वेळी मी आधी आले. बघून घेतलं सगळं," म्हणाली. "जग चांगलं आहे, ताई."