कूलरच्या दोन घागरी

सर, तुम्ही मरून मोकळे झालात आणि उत्तर द्यायला मला मागं ठेवलंत, हे काही बरं केलं नाही. काल तुमच्या पोरीचा फोन आला. "मावशी, शनिवारी येते. बाबांना कारखान्यातून कशामुळं काढलं ते आई शेवटपर्यंत बोलली नाही. तुम्ही तिथंच होतात ना?" होते. फोन ठेवला. दूध उतू गेलं, मी नुसती बघत उभी.

ती खोली तुम्ही विसरला नसाल. अख्ख्या साखर कारखान्यात गारवा तेवढाच. कोपऱ्यात तुमच्या ताब्यातलं कॉम्प्युटरचं एक मशीन, त्याच्या वायरी चार टेबलांवरच्या चार स्क्रीनला, आणि चार क्लार्क एकदम कामाला. मी हातातला झाडू तसाच धरून विचारलं होतं, "सर, मशीन तर एकच हाय, मग चौघांचं भागतं कसं?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "पंगतीत वाढपी एक आणि पानं चार. पण तो इतका भराभर फिरतो की प्रत्येकाला वाटतं, आपल्याच पानासमोर उभा आहे." मग दम दिलात. "या वाढप्याला ऊन सोसत नाही. कूलरला सकाळी दोन घागरी, दुपारी दोन. पाणी संपलं तर आधी मला सांगायचं. मी चौघांना पानावरून उठवीन, मगच मशीन बंद करीन. मधेच कोसळलं तर वाढलेलं सगळं गेलं." मी चौथी नापास, पण एवढं कळलं.

दुष्काळाचं साल. आमच्या वस्तीवर टँकर चार दिवसांनी, तोही अर्धा. ऊस उभ्या उभ्या वाळत होता, आणि कुणाचा कधी तोडायचा ती पाळीची यादी त्या मशीनमध्ये. त्या शुक्रवारी दुपारच्या दोन घागरी मी कूलरमध्ये ओतल्याच नाहीत. घरी नेल्या.

परत येते तर खोली तापलेली. कूलर कोरडा घरघरतोय. माझा झंपर पाठीवर ओला, तरी घाम फुटलाय. तुम्ही शेजारच्या खोलीत ऊस मोजणाऱ्या वजनकाट्यावाल्याशी बोलताय. दहा पावलं. सांगावं, तर पाणी कुठं गेलं म्हणून विचारणार. मी फडकं घेऊन खिडकी पुसते. पुसलेलीच काच परत पुसते. आणि चारी स्क्रीन एकदम थांबतात. "माझं अडकलं बे!" "माझं बी!" "कुणी काय दाबलं बे?"

मशीन उठलं ते यादी गिळूनच. आठवड्याचं काम तुम्ही शनिवारी टेपवर उतरवून घ्यायचात. एक दिवस कमी पडला. घाटनांदूरकडच्या एका म्हाताऱ्यानं तुमची कॉलर धरली. "माझी पाळी उद्या व्हती. आता वाळला ऊस तुमच्या दारात आणून टाकू का?" मोठ्या साहेबांनी विचारलं, "कूलर कुणाकडं होता?" मी दाराआड उभी. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडं. बघायचं राहिलं."

महिन्याभरात तुम्हाला काढलं. जाताना मला एवढंच बोललात, "पाणी लागलं तर मागून घ्यावं, बाई." म्हणजे ठाऊक होतं! मग तेव्हाच एक शिवी का नाही हासडलीत? त्याच कारखान्यात मी अजून झाडू मारते. कूलर कधीच गेला, पण त्या खोलीची काच मी अजून दोनदा पुसते.

आता पोरीपुढं काय बोलू? इतकी वर्षं मी मनाशी घोकलं की घरात लेकरू तहानलेलं होतं. कुठलं लेकरू? लग्नच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते, आणि दीड महिना डोक्याला पाणी नव्हतं. त्या दोन्ही घागरी मी केसांवर ओतल्या, सर. ओली वेणी तुम्ही बघितली असणारच.

हा कागद पिठाच्या डब्यामागं ठेवतेय. पोरीला सांगू का नको, ते शुक्रवारी दिवस मावळायच्या आत कळवा. स्वप्नात या, कसेही या. शनिवारी नऊला नेकनूरची गाडी येते, आणि तिचा आवाज हुबेहूब तुमचा हाय.