कागदावर पडलेली माती

गोंदिया, २ जून १९५४

प्रिय बाबा,

शाळेत ‘तीर्थरूप’ लिहायला शिकवलं होतं, पण तुमच्याशी बोलायचं म्हटलं की ते हातून उतरत नाही. मी बरी आहे. आईला सांगा, वेळेवर जेवते. मागच्या खेपेला ती म्हणाली होती, “छापखान्यात जाऊन कलेक्टरीन होऊन राहिली का वो तू?” कलेक्टरीन झाले नाही, पण एका साहेबाला घाम मात्र फोडला.

अक्षयतृतीयेला घरी आले तेव्हा सकाळीच तलावाकडे गेले होते. तुम्हाला वाटलं, रानातली टेंभरं वेचून आणायला गेली. मी गावातल्याच एका माणसाच्या सांगण्यावरून तलावाचं पाणी अडवणारी मातीची पाळ बघायला गेले होते. मालगुजारी गेली, मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला, आणि पाळीवर नवी माती टाकून झाली असं यंदा पाटबंधारे खात्याच्या कागदात आलं. मला एक टोपलीभरही दिसली नाही. जिथून धानाच्या बांध्यांना पाणी सुटतं त्या तुडुमाजवळच्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत गेला. खात्री पटेना म्हणून तीनदा घातला. तुडुमापलीकडे गेले नाही, म्हणून तिथलं काही सांगत नाही.

एवढंच मी आमच्या साप्ताहिकासाठी लिहिलं. संपादक ईश्वरदासजींनी छपाईचे खिळे जुळवायलाही घेतले. पण सरकारनं कायद्याचा धाक घातल्यापासून इथल्या वृत्तपत्रवाल्यांनी आपणहून समिती केली आहे आणि नियम केला आहे, की ज्या खात्याची बातमी, त्या खात्याला ती आधी दाखवायची. खात्याच्या साहेबांनी वाचली आणि म्हणाले, छापू नका. शिवाय हे सांगितलं कोणी, त्याचं नाव द्या.

ईश्वरदासजी वाईट माणूस नाहीत. म्हणाले, “बेटी, तू खरी आहेस, पण छापखानाच बंद पडला तर खरं छापशील कुठं?” नियम मलाही हवाच. चुकीचं एक अक्षर जाईल या भीतीनं मी प्रत्येक ओळ चारदा वाचते. पण ज्याच्याविरुद्ध बातमी त्यालाच विचारून छापायची, तर मग छापायची कायले? आज सकाळी ईश्वरदासजी म्हणाले, नाव दे, नाहीतर उद्यापासून येऊ नको. नाव दिलं नाही, आणि इथेही लिहीत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. जागेश्वर गुरुजी माझी पत्रं तुम्हाला वाचून दाखवतात तेव्हा शेजारीपाजारी ऐकायला जमतात, याची मला किती लाज वाटायची! हे पत्र मात्र घरात नको, पारावर वाचू द्या. लेकीनं बापाला काय लिहावं, ते अजून कोणत्या साहेबाला आधी दाखवावं लागत नाही. पावसाला पंधरा दिवस आहेत. पाळीखालच्या टोलीत घरं असलेल्या लोकांना मुद्दाम बोलवा. ऐकून झालं की सगळ्यांनी जाऊन स्वतः बघावं. माझं चुकलं असेल तर कळवा, कबूल करीन. आणि हे लिहिलं कोणी, असं कुणी विचारलं, तर गुरुजींना खालची सहीसुद्धा मोठ्यानं वाचायला सांगा.

तुमचीच लेक,
शामकला चैतराम पटले