फ्लॉपीच्या पोटातली तारीख

मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९
आजपासून रोज लिहिणार. शिस्त म्हणजे शिस्त.
यशोधराताईला नर्सिंगच्या मुलाखतीचा कॉल आला. ३ डिसेंबर. वयाच्या अटीमुळे हा शेवटचा चान्स. ओरिजिनल सर्टिफिकेटांची फाईल नेवाशाला, आईच्या पेटीत. ताई म्हणाली, या वेळी तरी वेळेवर आणशील ना रे. ‘या वेळी तरी’ हे लागलं. गेल्या वर्षी एस.टी. पंक्चर झाली, त्याला मी काय करणार? उद्याच जातो.

बुधवार, १७ नोव्हेंबर
गेलो नाही. स्टँडच्या वाटेवर मच्छिंद्रचा कॉम्प्युटर क्लास लागतो. (तसा लागत नाही. थोडं वळलं की लागतो.) त्याने टूम काढलीय. दर रविवारी एक विषय, आणि ज्याच्याकडे कॉम्प्युटरवर दिसणारे फोटो असतील त्याने आणायचे. बक्षीस नाही, दोस्तीखात्यात. असे आम्ही चौघेच. माझ्याकडे एक फ्लॉपी आहे. गेल्या वर्षी रस्त्याच्या सर्व्हेवाल्या साहेबांचा, फ्लॉपीवर फोटो उतरवणारा कॅमेरा तीन दिवस माझ्याकडे होता. (साहेबांच्या परवानगीने दोन.)

रविवार, २१ नोव्हेंबर
विषय: पाणी. माझा फोटो: हौदावर म्हैस. आमच्यातला सचिन म्हणाला, ह्यो म्हशीचा फोटो हाय, पान्याचा न्हाई. त्याला कलेतलं कळत नाही. चौथा आलो. चौघांत.
उद्या नेवासा. नक्की.

बुधवार, २४ नोव्हेंबर
नेवासा राहिलं. ताईने विचारलं तेव्हा सांगितलं की जाऊन आलो, पण आई शेतात, पेटीला कुलूप. हे खोटं नाही. मी जाईन तेव्हा आई शेतातच असणार.
पुढचा विषय: सगळ्यात जुना फोटो. हा माझाच. ताईलाही बोलावलंय. भावाचं एकदा काहीतरी चांगलं बघू दे.

शुक्रवार, २६ नोव्हेंबर, सकाळी ११
गेल्या वर्षीचं एकदा लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. फाईल घेऊन नगरला निघालो होतो. गाडी घोडेगावला थांबली. शुक्रवार, जनावरांचा बाजार, गळ्यात कॅमेरा. म्हटलं, पाच मिनिटं. पंक्चर त्यानंतर झालं. म्हणजे मी ज्या गाडीतून उतरलो, ती पुढे झालीही असेल. ताईचं वर्ष गेलं, तरी तिनेच मला धीर दिला.
हे पान फाडायचं.

रविवार, २८ नोव्हेंबर
ताई मेडिकलच्या दुकानातून सुट्टी घेऊन आली. सचिन म्हणाला, त्याचा फोटो ऑगस्ट अठ्ठ्याण्णवचा. मी म्हणालो, माझा त्याच्या आधीचा, लावा पैज. मच्छिंद्र म्हणाला, पैज कशाला, फोटो कवा काढला ते कॉम्प्युटरलाच ठाऊक असतंय. कॉम्प्युटरमधलं मला तसं सगळं माहीत आहे. एवढं सोडून.
त्याने मोठ्याने वाचलं. तीन जुलै अठ्ठ्याण्णव, सकाळी नऊ दहा, जाफराबादी म्हैस. मी म्हणालो, पुरे, जिंकलो. सचिन म्हणाला, वाच रं सगळं, दिसभर म्हशीच काढल्यात का काय ह्यानं. मुऱ्हा, दहा चाळीस. शिंगांचा क्लोजप, अकरा वीस. रेडकू, बारा पाच. शेवटचा बारा पन्नास.
ताईची मुलाखत त्याच दिवशी अकराला होती.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही. मग हळू आवाजात विचारलं, पंक्चर मागच्या चाकाचं होतं ना?
मी हो म्हणालो. का म्हणालो?

बुधवार, १ डिसेंबर
नेवाशाला गेलो. खरंच. वाटेत कुठेही उतरलो नाही.
आई म्हणाली, यशोधरा काल यून फाईल घेऊन गेली. पानीसुदिक प्याली न्हाई. आईने तिला म्हणे विचारलं, तू कशाला आलीस, प्रवीण आनून देनार हुता की. तर ताई म्हणाली, त्याचा पहिला नंबर आलाय, कामात असेल तो.
एवढंच. दुसरं काही सांगितलं नव्हतं.
आईचा चेहरा फुलला होता. तिने शेजारच्या रतनबाईंना हाक मारून सांगितलं, आमच्या प्रवीनचा नगरात पयला नंबर आला. रतनबाईंनी विचारलं, कशात गं?
ते आईलाही माहीत नव्हतं. दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.