बाबांच्या तोंडून मी बोललो त्याबद्दल

दिग्रस, रविवार

ती. सौ. मथुराताईस,

धाकट्या बबनचा वाकून नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल आणि भाऊजींचा गुडघा आता त्यांना राळेगावच्या एसटीची पायरी चढू देत असेल, असं धरून चालतो. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत (हे सवयीने लिहिलं गेलं. खुशाल कोणीच नाही). आई मंगळवारी एकटीच पिशवी घेऊन तुझ्याकडे का आली, हे तिने तुला सांगितलं नसणार. सांगितलं असतं तर एव्हाना फोनवर तू माझ्या कानाचे पडदे फाडले असते. म्हणून मीच सांगतो.

बाबा गेल्यापासून आई बीपीची गोळी घेईना. इतकी वर्षं ती बाबांनीच तिच्या हातावर ठेवली होती, आता दुसऱ्या कोणाच्या हातची तिच्या घशाखाली उतरेना. मी समजावलं, डॉक्टरांनी दम दिला, तुझ्या भावजयीने गोळी भाकरीत चुरून पाहिली (आईने ती भाकर गाईला घातली. गाय दिवसभर फार शांत होती). तेवढ्यात आमची अपेक्षा यवतमाळच्या कॉलेजातून सुटीवर आली आणि म्हणाली की आजोबांचे बोललेले जुने व्हॉट्सॅप मेसेज मोबाईलला ऐकवले तर तो हुबेहूब त्यांच्या आवाजात बोलतो, आपण लिहू ते बोलतो. ताई, मी विज्ञानाचा मास्तर. गावोगाव बुवाबाजीविरुद्ध भाषणं देतो, नारळातून करणी कशी काढतात ते पोरांना फोडून दाखवतो. तरी आईच्या जिवासाठी म्हणत मी हो म्हटलं. आईला सांगितलं, बाबांनी दवाखान्यात असताना तुझ्यासाठी बोलून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या उशाशी मोबाईल बोलला, "इंदे, गोळी घे. काहून हट्ट करून राह्यली?" आईने डोक्यावर पदर घेतला आणि निमूट गोळी गिळली. दाराआड उभं राहून पाहताना मला रडू आलं. तिथेच थांबलो असतो तर हे पत्र लिहावं लागलं नसतं (कदाचित. आता तेही खात्रीने म्हणवत नाही).

पण मला चटक लागली. बाबा हळूहळू सांगू लागले, मीठ कमी कर, दोडका खा (हयातीत त्यांनी दोडक्याला हात लावला नाही, तुला माहीत आहे). मग सुनेच्या भाजीला नावं ठेवू नको. मग टीव्हीचा आवाज कमी कर. शेवटी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घे. "माहे डोळे, माही मर्जी," म्हणून आजवर मला हुसकावून लावणारी आई एका दमात तयार झाली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "आजी, स्वतःच्या मर्जीने ना?" तर म्हणते, "नाही, यांच्या मर्जीनं," आणि वर बोट दाखवलं. डॉक्टरांना वाटलं, देवाबद्दल बोलतेय. मी लगेच तारीख मागून घेतली.

आधीच बोलून ठेवलेल्या माणसाला कालचा टीव्ही कसा ऐकू आला, याचा उलगडा आईने तिच्या परीने केला होता. ते वरून सगळं पाहतात. आणि तुझ्या मास्तर भावाने तिला तसं समजू दिलं.

सोमवारी शाळेत निघताना तिच्या खोलीत बोलणं ऐकू आलं. मोबाईल दोन्ही हातांत धरून ती म्हणत होती, "तुमचा जीव चालला तवा मी खाली चहा प्याले गेलती. दिवसभर बसून होती, अन् नेमकी तवाच उठली. रागावले काय हो माह्यावर?" आणि ती उत्तराची वाट पाहत राहिली. नेमका तेव्हाच अपेक्षाने लावून ठेवलेला सकाळचा निरोप वाजला. बाबा करड्या आवाजात म्हणाले, "कितीदा सांगू तुले? मीठ बंद कर."

"रागावलेच हायेत," आई स्वतःशी म्हणाली.

मी आत जाऊन तिच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही, रडली नाही. फक्त विचारलं, "म्हंजे चहाचं तू ऐकलं?" मी मान हलवली. "ते तुह्यासाठी नव्हतं, बबन," एवढंच म्हणाली आणि पिशवी भरू लागली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. अपेक्षाने तो आवाज रडत रडत पुसून टाकला. तिला बोल लावू नको, मोबाईलमध्ये शब्द मी घालत होतो. सध्या मी वर्गात फळ्याकडे तोंड करूनच शिकवतो. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
बबन

ता. क. आई गोळी घेते की नाही, एवढं कळव. घेत नसेल तर तू तुझ्या तोंडाने सांगून पाहा.

ता. क. दुसरा. खरं काम हे आहे. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तिला काही न लपवता, नीट समजावून विचार. नको म्हणाली तर मी डॉक्टरांना नको म्हणून सांगतो. तुलाही तिला वळवायला सांगत नाही (सांगावंसं फार वाटतंय).

ता. क. शेवटचा. फोन न करता हे पत्र का, असं म्हणशील. काल केला होता. तुझा फोन आईनेच उचलला. मी म्हटलं, आई, मी बबन बोलतोय. ती म्हणाली, "कशावरून?" मी फोन ठेवला.