शेगडी विझवल्यावर

७ डिसेंबर १९३१, शहापूर
सकाळी सातला सौ. बाळंत झाली. मुलगा. सातवाच महिना. रडला, पण मांजराच्या पिलाइतकंच. मी दारातूनच पाहिला. दहा दिवसांचं सोयर, बापानं शिवायचं नाही. थंडी मरणाची. हा शब्द का लिहिला? खोडतो. दोन वर्षांपूर्वी पहिला ह्याच दिवसांत तिसऱ्या दिवशी गार पडला.

८ डिसें.
आक्कानं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीनं, खोली गच्च बंद केली. झरोक्यात चिंध्या, बाजेखाली कोळशाची शेगडी. शेजारच्या हातमागवाल्यांकडून कापूस आणून बाळ त्यात गुंडाळलं. "त्येला थंडीनं खाल्लं. ह्येला मी न्हाय जाऊ द्यायची."
दरवर्षी चौथीला घडाघडा शिकवतो: थंडीत अंग कुडकुडतं, उन्हात घामेजतं, आतली ऊब तेवढीच राहते. हा कुडकुडतही नाही. नुसता निळा पडतो. पुस्तकात हे नाही.

९ डिसें.
दुपारी सौ.चं डोकं फुटायला आलं, दोन उलट्या. बाळ लालभडक, हाक मारली तरी हलेना. धावत जाऊन दवाखान्यातल्या नर्सबाईंना आणलं. त्यांनी आधी शेगडी अंगणात नेऊन विझवली, मग झरोक्यातल्या चिंध्या उपसल्या. "मास्तर, दोघंही गुदमरली असती की!" आक्का भिंतीला टेकून खालीच बसली.
बाई म्हणाल्या, ह्याला स्वतःची ऊब धरता येत नाही. कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवा, वरून घोंगडी. सौ.ला ताप भरलेला, धड शुद्ध नाही. आक्काकडे पाहिलं. "माझ्या अंगाला लावू नगंस. पांढऱ्या कपाळाची मी." मग मीच सदरा काढला. "धा दिस झालं न्हाईत, दत्तू! शिवू नगंस रं!"
शिवलो. बाळ उघड्या छातीशी धरलं, बाईंनी वरून घोंगडी घातली.

१० डिसें.
रजेचा अर्ज धाडला. काल थंडीला भीत होतो, आज उबेलाही. जास्त झाली तर? कमी पडली तर?

१३ डिसें.
चार दिवस हेच. खुर्चीत बसायचं, पोटाशी तो. शिंकायचीही भीती. मध्येच श्वास थांबवतो, तेव्हा माझाही थांबतो. पाठीवर बोट घासलं की पुन्हा घेतो. आक्का वाटीतून आईचं दूध थेंब थेंब पाजते, हात कापसातून, शिवायला नको म्हणून.
सौ. जरा शुद्धीवर. म्हणे, "तुम्हीच बाळंतीण दिसताय." हसलो. मग तोंड फिरवून रडलो.

१४
पावलं गार. तासभर चोळली. आली ऊब.

१६ डिसें.
शाळेचा निरोप. उद्या हजर व्हा, नाहीतर जागेवर दुसरा नेमतील. सौ.चा ताप परत चढलेला. काय करू? नर्सबाई दिवसभर कशा बसतील.
आक्कानं चहा आणला. पेला ठेवून तिथंच उभी. मग खाली बघत म्हणाली, "माझ्या अंगात तेवढी ऊब आसंल का रं?"
मी मान डोलावली.

१७ डिसें., शाळेत
सकाळी आक्कानं आंघोळ केली, चोळी सोडली, भिंतीकडं तोंड करून बसली. मी बाळ पाठीमागून तिच्या छातीशी दिलं, घोंगडी लपेटली. "हालू का रं?" हाल म्हटलं. हलली नाही.
मधल्या सुट्टीत धावत घरी. दार आतून लोटलेलं, बाहेर बोचरा वारा. "आक्का?"
"हाय. गरम हाय. दार उघडू नगंस, वारं लागंल. जा तू शाळंला."
बाळाचा आवाज आला नाही. झोपला असेल. बराच वेळ कान लावून उभा राहिलो. दाराला हात लावला, परत काढला.
आता मुलं पाटीवर गणितं करताहेत. शाळा सुटायला अजून दोन तास.
'गरम हाय' म्हणताना आक्काचा आवाज कसा होता, तेच आठवून बघतोय.