शनिवारचा रिपोर्ट

१९ नोव्हेंबर, रविवार सकाळ

प्रिय भिंगरी,

तुला खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं ठणठणीत. तुझा गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी जिना चढू नको म्हटलंय आणि तू कपडे वाळत घालायला गच्चीवर जातेसच, हे मला कुणी सांगायला नको. साठी आली तरी पायाची भिंगरी थांबेना!

तू पाठवलेलं कात्रण मिळालं. काय तो माझा फोटो! पुरस्कार घेताना अशी तोंड वासून उभी आहे, जणू समोरचा माझे दात तपासतोय. आणि खाली तू पेनाने लिहिलंस, "आमच्या ताईने नाव काढलं." ते वाचल्यापासून पत्र लिहायला बसतेय आणि उठतेय. चार दिवस झाले. फोनवर हे जमणार नाही. तू मध्येच "जाऊ दे गं ताई" म्हणशील, आणि मी लगेच जाऊ देईन.

आधी कामाचं सांगते. ताई नेमकं करते काय, हे लोकांना सांगताना तुझी नेहमी त्रेधा उडते. सोपं आहे. आधी पंधरा वर्षं प्रयोगशाळेत काचेखाली जंतू बघितले. मग आरोग्य खात्यात गेले, शहराची आरोग्यप्रमुख झाले. आणि गेली आठ वर्षं संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांना एकच गोष्ट शिकवते: बाबांनो, लोकांवर संशोधन करता ना, मग त्यांच्या घरी जाऊन बसा, त्यांना विचारा, जे कळलं ते आधी त्यांना सांगा. एवढी मोठमोठी डोकी, पण "तुम्हाला काय वाटतं?" हे तीन शब्द तोंडातून काढताना घामाघूम होतात.

निवृत्त व्हायच्या आधी मला एक नियम करून घ्यायचाय. पाण्यात जंतू सापडले की दुसरा नमुना घेतात, त्याचा रिपोर्ट आला की मगच लोकांना सांगतात. यात दोन दिवस जातात. मी म्हणते, पहिल्याच रिपोर्टला सांगून टाका: अजून खात्री नाही, तोवर पाणी उकळून प्या. या समितीची अध्यक्ष मीच. गेल्या मंगळवारी आताची आरोग्यप्रमुख, माझ्याच हाताखाली तयार झालेली हुशार पोरगी, म्हणाली, "मॅडम, पहिला रिपोर्ट कितीदा चुकीचा निघतो. लोकांची उगाच पाचावर धारण बसेल. थांबल्यामुळे नुकसान झाल्याचं एक तरी उदाहरण द्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चष्मा पुसला, चहा मागवला, आणि बैठक येत्या शुक्रवारवर ढकलली.

भिंगरी, ते उदाहरण म्हणजे तुझे यजमान, आपले मास्तर.

नऊ वर्षांपूर्वी तुमच्या भागातलं पाणी बिघडलं. मास्तरांना रविवारी संध्याकाळी जुलाब सुरू झाले. सोमवारी गाड्या फिरवून आम्ही लोकांना सांगितलं, तोवर तुम्ही दवाखान्यात होतात. त्यांची मूत्रपिंडं आधीच थकलेली, तेवढा धक्का त्यांना झेपला नाही. शुक्रवारी ते गेले. आणि मी तुला जवळ घेऊन म्हटलं, "आम्हालाही सोमवारीच कळलं गं."

खोटं होतं ते. पहिला रिपोर्ट शनिवारी दुपारी माझ्या टेबलावर आला होता.

मास्तरांना शनिवारनंतरच्या पाण्यानेच बाधा झाली की आधीच्या, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. या एका वाक्याच्या आड मी नऊ वर्षं लपले. दुसरं एक वाक्यही तयार होतं: शहराला सांगायच्या आधी घरच्यांना सांगणं म्हणजे वशिला, आणि माझ्याकडे वशिला चालत नाही. किती छान वाटतं ना ऐकायला?

तर ऐक. त्या शनिवारी मी घरी आले आणि हातातली पिशवीही न ठेवता पातेलं गॅसवर चढवलं. पाणी चांगलं खळखळ उकळलं. तुझ्या भाऊजींनी विचारलं, "आज हे काय नवीन?" मी म्हटलं, "घसा खवखवतोय." तत्त्व होतं ना माझं? मग ते पातेलं कुठून आलं?

रविवारी सकाळी तुझाच फोन आला. आपण दहा मिनिटं पडद्याच्या कापडावर बोललो. मागून मास्तर ओरडले, "ताईंना सांग, निळा नको म्हणावं!" आपण दोघी हसलो. एक वाक्य बोलायचं होतं मला. नाही बोलले. दुसरा रिपोर्ट चांगला आला, तर पहिल्याने घाबरलेली प्रमुख म्हणून माझं हसं होईल, याची भीती वाटली. बस, एवढंच कारण होतं. त्याला दुसरं काही नाव नाही.

ते गेल्यावर तुझी शेजारीण तावातावाने म्हणाली, "खात्याला आधीच माहीत असणार." तू रडायची थांबलीस आणि तिला म्हणालीस, "माहीत असतं तर माझ्या ताईने सगळ्यात आधी मला फोन केला असता." मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. सगळं ऐकलं.

त्यानंतर माझं तुझ्याकडे येणं कमी झालं. तुला वाटलं, ताई मोठी झाली, तिला कामं असतात. कसली कामं! तुझ्यासमोर बसून हातात पाण्याचा पेला घ्यायचा मला धीर होत नव्हता. सहा महिन्यांत खातं सोडून संस्थेत आले, लोकांनी बढती समजून अभिनंदन केलं, तेही घेतलं.

आता शुक्रवारी मला उदाहरण द्यायचंय. विचारल्याशिवाय कुणाचं दुःख वापरायचं नाही, हे मीच सगळ्यांना शिकवत फिरते, म्हणून विचारते: मास्तरांचं सांगू का? तू नाही म्हणालीस तर त्यांचा, त्यांच्या आजाराचा, तुझा एका शब्दानेही उल्लेख होणार नाही. शब्द आहे माझा, आणि त्याची किंमत आता तूच काय ती ठरव.

पण शनिवारी रिपोर्ट हातात असताना आरोग्यप्रमुखबाईंनी स्वतःच्या घरचं पाणी उकळलं आणि शहराला तसंच प्यायला दिलं, हे मात्र मी सांगणार आहे. तू हो म्हण, नाही म्हण, त्याला तुझी परवानगी मागत नाही. शनिवारच्या पेपरात ते छापून येईल. मला तुझी माफी हवी आहे गं, फार हवी आहे, पण ती मागायला हे पत्र लिहिलेलं नाही. या वेळी तुला सगळ्यांच्या आधी कळावं, म्हणून लिहिलंय.

फोन न केलेली,
तुझी ताई