उजवीकडची सीट

१२ ऑक्टोबर, रविवार
पाऊस सरला असं धरून आज ह्यांच्या जुन्या दोन सीटच्या मोटारीवरची ताडपत्री सोडली. आतून कोंदट वाफ आली. सीटवर पांढरी बुरशी. पायाखालचा पत्रा बोट लावलं तिथे आत गेला. जूनमध्ये मीच बांधली होती, लाकडं झाकतो तशी, दोरीने आवळून. हे असताना वर नुसती जुनी चादर असायची आणि शेडचं दार उघडं. मला तो हलगर्जीपणा वाटायचा.
ह्यांच्याविना पहिला अख्खा पावसाळा.

१४ ऑक्टोबर
हातखंब्याहून सलीमभाई आले. ह्यांच्याबरोबर बोटीवर इंजिनखात्यात होते, आता स्वतःचं गॅरेज. वाकून खालून पाहिलं, उठले, हात पुसत राहिले. मग म्हणाले, "भाभी, गाडी आहे ही. सुकट नाय, पावसाआधी हवाबंद करून ठेवायला." मी हसले. नंतर जेवण गेलं नाही.
पत्रा कापून नवा जोडता येईल. इंजिन शाबूत. "पण ठेवणार का विकणार, ते तुम्ही ठरवा."

१६ ऑक्टोबर
मनीषाचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक. दोन माणसांची गाडी, आणि घरात माणूस एक." लेक खोटं बोलत नाही, एवढंच वाईट. कोल्हापूरचं गिऱ्हाईकही तिनेच शोधलंय. चव्हाण म्हणून.

१८ ऑक्टोबर
शब्दकोश घेऊन ह्यांची मोटारींची इंग्रजी मासिकं वाचते. रोज दोन पानं, सातवी शिकलेल्या बाईला तेवढीच. खरी स्पोर्ट्स कार कशाला म्हणायचं यावर मोठा लेख आहे. वेगाचं नाव शेवटी. आधी वजन कमी. गिअर हाताने टाकायचा. स्टिअरिंगला मध्ये मोटरची मदत नको, म्हणजे चाकाखालचा रस्ता थेट तळहाताला कळतो. असं काहीतरी. अर्धं समजलं.
आपली नव्वदच्या वर थरथरते. कुणाचीही साधी गाडी पुढे निघून जाते. तरी हे म्हणायचे, "हिच्याशी बोलत बोलत जावं लागतं." माझ्याशी इतकं बोलले नाहीत. हेही लिहून ठेवते.

२२ ऑक्टोबर
मनीषा आणि जावई सुट्टीला आलेत. नवी गाडी, मागे लाल अक्षरांत 'स्पोर्ट'. मला पालीपर्यंत फिरवून आणलं. बटण दाबलं की इंजिन गुरगुरतं. जावई म्हणाले, "आई, हा आवाज स्पीकरमधून येतो बरं का." मी पुन्हा विचारलं. खरंच स्पीकरमधून. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला तर स्टिअरिंग आपलं आपण वळतं. मग तुम्ही काय करता, विचारलं. म. म्हणाली, "तो बिल भरतो." सगळे हसलो.
येताना मला झोप लागली. कंबरही दुखली नाही, उगाच नावं ठेवू नयेत. पण ह्यांच्या गाडीत बावीस वर्षांत डोळा लागला नव्हता.

२६ ऑक्टोबर, रविवार
चव्हाण येऊन गेले. भला माणूस. ह्यांच्या फोटोपाशी चप्पल काढून उभे राहिले. गाडीभोवती तीनदा फिरले. "वहिनी, लई देखणी हाय. वरचं असंच ठेवतो. आतलं सगळं काढून ऑटोमॅटिक बसवणार, पॉवर स्टिअरिंग, एसी. लग्नाआधीचे फोटो काढाय पोरं येत्यात, त्यांना कुठं येतंय गिअर टाकाय?"
मग ती हीच गाडी राहील का, मी विचारलं.
"फोटोत कुठं कळतंय?"
दोन आठवड्यांनी ट्रेलर घेऊन येतो म्हणाले. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

३ नोव्हेंबर
स.भाईंनी पत्रा जोडला. इंजिन तिसऱ्या खेपेला लागलं. त्या आवाजाने शेजारची काकी कुंपणाशी आली, "गो, कोण आला?" कोणी नाही, गाडी लागली, म्हटलं.
स.भाई म्हणाले, "विकायच्या आधी एकदा चालवून तरी बघा."
"मला येत नाही."
"बावीस वर्षं काय केलंत?"
डावीकडे बसले. एकदा चालवायला मागितली होती. हे म्हणाले, "क्लच जड आहे, तुला झेपायचा नाही." पुन्हा मागितली नाही.

६ नोव्हेंबर
सकाळी स.भाईंनी गाडी सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर नेली. वर चिटपाखरू नव्हतं. मी उजवीकडे, ते डावीकडे, दार घट्ट धरून. चारदा बंद पडली. क्लच जड आहे, पण तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेला पाय आहे हा. पाचव्यांदा चालली. दुसरा गिअर पडला. बारीक खडी आली ती हाताला कळली, गवत आलं तेही. वळताना गाडी जरा ओढते, विचारल्यासारखी. मी सांगितलं, ती वळली.
स.भाई म्हणाले, "भाभी, रडताय?"
रडत नव्हते. राग आला होता. एवढं सगळं होतं इथे, आणि हातभर अंतरावर मला बसवून ठेवलंत. गेल्या माणसावर रागवायचं कसं, ते कुठे लिहिलेलं असतं?

७ नोव्हेंबर
दंड दुखतायत. राग तेवढाच.
विकली तर सुटेन, असं दिवसभर वाटलं. कशापासून, ते

९ नोव्हेंबर, रविवार
दहा वाजता चव्हाणांचा फोन. हातखंब्यापर्यंत आले, ट्रेलर सोबत. "वहिनी, पुढं कसं यायचं?" रस्ता सांगितला. उतारावर जपून या, म्हटलं. विकणार का, ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
चहाचं आधण ठेवलंय. ते यायला अर्धा तास. गाडी शेडबाहेर काढून ठेवली आहे. मीच चालवत काढली, किल्ली पदराला बांधली आहे.